अठरा दिवसांची तहान

तहानलेलं झाड संप्रेरकाच्या रूपाने पानांना निरोप धाडतं, पाणी संपलंय, दारं मिटून घ्या. सहा वर्षं ती प्रयोगशाळेत या निरोपाचा माग काढत होती. यंदा अठरा दिवस तिने रोपांना थेंबभर पाणी दिलं नव्हतं. एकोणिसाव्या दिवशी सकाळी पानं तपासायला ती काचघरात आली, तर सगळी रोपं टवटवीत.

"कुणी घातलं पाणी?" ती माळीकाकांवर कडाडली.

"काल प्रमुख सरांनीच घालायला लावलं, ताई. म्हणाले, उद्या पाहुणे येणार, सुकलेली रोपं बरी दिसत नाहीत."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. जाब विचारायला ती तरातरा निघाली, तोच सर पाहुण्यांना घेऊन आत शिरले.

"ही आमच्या संशोधनाची कमाल," सर सांगत होते. "अठरा दिवस पाणी नाही, तरी एक पान मलूल नाही."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी हसून तिच्याकडे हात केला. "आता पुढचं तूच सांग."

तिने हाताशी असलेली कुंडी उचलली आणि मुख्य पाहुण्यांसमोर धरली.

"मातीत बोट घालून बघा," ती म्हणाली.