रस्त्याच्या कडेला

"सापडलं! हेच आमचं मूळ घर!" बॉस्टनहून आयर्लंडमधल्या त्या खेड्यात आलेल्या डेस्मंडनं चर्चच्या जुन्या बाप्तिस्म्याच्या वहीत बोट ठेवलं. नोव्हेंबर १८८१. त्याच्या आजोबांचं नाव आणि पुढे वस्ती, किलब्रॅक. "जमीनदाराच्या जुलमापायी देश सोडला हो बिचाऱ्यांनी."

वही सांभाळणारी म्हातारी नुआला पुढं झाली. तिनं दोन पानं मागं उलटली. "आता हे वाचा."

त्याच वर्षीचा मार्च. एका मुलीची नोंद. आईबाप किलब्रॅकचे, जन्म मात्र रस्त्याच्या कडेला.

"ती माझी आजी," नुआला म्हणाली. "जमीनदारानं आमच्या माणसांना किलब्रॅकच्या याच घरातून बाहेर काढलं. त्या घरात, त्या जमिनीवर कुणी पाऊल टाकायचं नाही, असं अख्ख्या गावानं ठरवलं होतं. तुमच्या पणजोबांनी टाकलं. चूलसुद्धा विझली नव्हती म्हणे. पुढं त्याच जमिनीचा कुळहक्क विकून अमेरिकेला गेले, आणि म्हणे जुलूम!"

डेस्मंडचा चेहरा उतरला. "मला खरंच माहीत नव्हतं. आणि दीडशे वर्षं होत आली आता..."

"आमच्या घरात रोज माहीत होतं!" तिचा आवाज चर्चभर घुमला.

त्यानं विचारलं, "मी काय करू?"

"माझ्या आजीचं नाव वाचा. मोठ्यानं."

"सबिना मॅकहेल," तो अडखळत म्हणाला. त्याच्या घराण्यात ते नाव आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

नुआलाचा राग तसूभरही उतरला नाही.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.