सुकाणू सोड, लॉइस

"सुकाणू ओढू नकोस, लॉइस," हार्लन माइकमध्ये म्हणाला. "तू ओढतेस म्हणून ऑटोपायलट विमानाचं नाक आणखी खाली दाबतोय."

कॅन्ससमधल्या त्या छोट्या धावपट्टीच्या खोलीत तो एकटाच होता. शेजारच्या गावी पॅनकेक खाऊन परतताना विमान चालवणाऱ्या डीनची मान खिडकीकडे कलंडली ती कलंडलीच. त्याची बायको लॉइस हाका मारून दमली, पण तो ओ देईना. विमान मात्र ऑटोपायलटच्या, म्हणजे ते आपोआप चालवणाऱ्या यंत्राच्या हवाली होतं आणि पाच हजार फुटांवरून शहाण्यासारखं सरळ चाललं होतं.

खाली येण्यासाठी हार्लनने तिला आधी सांगितलं होतं, तीन हजार फुटांचा आकडा लाव, बटण दाब, इंजिनाचा जोर थोडा कमी कर. तिने सगळं नीट केलं. पण नाक झुकलं, समोर आभाळाऐवजी गव्हाची शेतं आली, आणि तिने घाबरून सुकाणू छातीशी ओढलं. यंत्राला वाटलं, विमान ऐकत नाही. ते उलट जोर लावू लागलं. शिकाऊ वैमानिकांच्या हातांवर चापट्या मारून हार्लनने ही खोड आजवर मोडली होती. आज त्याचा हात तिथवर पोचत नव्हता.

"डीन म्हणायचा, कधी वेळ आली तर घट्ट धरून ठेव," ती रडत म्हणाली.

"डीनला उडायला मी शिकवलंय. माझं ऐक. सोड. आधी गचका बसेल, मग ते आपलं आपण सावरेल."

सावरेल ना? यंत्र जुनं होतं. रेडिओवर नुसती खरखर राहिली. हार्लनला ती सहन होईना.

मग तिचा आवाज आला, अगदी हळू. तिने सुकाणू सोडलं होतं आणि काटा तीन हजारांवर थांबला होता.

हार्लनच्या जिवात जीव आला, पण तो दिलासा काही टिकला नाही. खाली आणणं यंत्राला जमायचं, जमिनीवर टेकवणं नाही. त्यासाठी ऑटोपायलट बंद करून तिलाच सुकाणू धरावं लागणार होतं, आणि हे त्याने तिला अजून सांगितलं नव्हतं.

"हार्लन, आता माझे दोन्ही हात रिकामे आहेत," ती म्हणाली. "डीनचा हात धरू का?"

खिडकीबाहेर धावपट्टी उन्हात मोकळी पडली होती.

"धर," तो म्हणाला. "मी सांगेपर्यंत धर."