आधी पाणी, मग वीज

हिबा शाळेतून आली तेव्हा गिझलानचे दोन्ही हात कोपरापर्यंत मेंदीने भरून, वर कापूस गुंडाळून झाले होते. पायसुद्धा. नवरीबाई उशांना टेकून अशी बसली होती की नाकावर माशी बसली तरी दुसऱ्याला हाक मारावी लागावी.

"तू संध्याकाळी म्हणाली होतीस," हिबा दारातूनच म्हणाली.

"मेंदीवालीला आज अजून एक नवरी आहे गं. ती दुपारीच येऊन टपकली. आता काय परत पाठवू तिला?"

हिबाने दप्तर कोपऱ्यात भिरकावलं. उद्या तिची ही बहीण लग्न होऊन तेतुआनहून थेट अगादीरला जाणार होती, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि दोघींच्या टीव्हीवरच्या खेळातला पुलावरचा राक्षस अजून जिवंत होता. लग्नाआधी त्याला लोळवायचाच, असं ठरलं होतं त्यांचं.

राक्षस मातीचा. आग लावली की भाजून निघतो आणि आणखी टणक होतो. कोरडा असताना वीज पाडली तर त्याला गुदगुल्याही होत नाहीत. पण आधी भिजवला आणि ओला आहे तोवर वीज पाडली, तर त्याची खैर नाही. म्हणून तिथे दोघी लागतात. निळी मुलगी पाणी फेकते, पिवळी वीज पाडते. निळी गिझलानची, पिवळी हिबाची. एकच भानगड आहे, निळी स्वतः त्या पाण्यात उभी राहिली तर वीज तिलाही लागते. गिझलान पाणी फेकून आपसूक बाजूला व्हायची. हिबाला कधी बघावंच लागलं नव्हतं.

"दुसरा रिमोट देऊन टाकते शेजाऱ्यांना," हिबा म्हणाली. "ज्याला जायचंय त्याने खुशाल जावं. खेळणारंच कोण आहे आता?"

"यम्मा आहे की."

यम्मा, म्हणजे त्यांची आई, लिंबू-साखरेची वाटी घेऊन मेंदीवरच्या कापसावर शिंपडायला आत येत होती. ती जागच्या जागी थांबली. "मला आपला टीव्हीसुद्धा धड लावता येत नाही, बिन्ती, माझ्या पोरी."

"चौकोन दाबला की पाणी," गिझलान हनुवटीने दाखवत म्हणाली. "रिमोटवरची ही छोटी काठी हलवली की निळी चालते. बस, यम्मा. माझ्यासाठी बस."

यम्मा बसली. चिकट बोटं झग्याला पुसून तिने रिमोट असा धरला, जणू कोणाचं तान्हं बाळ हातात दिलंय. पहिलं पाणी तिने आभाळात उडवलं. दुसरं बरोबर राक्षसावर पडलं. हिबाने वीज पाडली, आणि निळी मुलगी धाडकन आडवी झाली.

"मला का मारलंस?" यम्माने विचारलं. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

"तू पाण्यात उभी होतीस. पाणी टाकलं की लगेच बाजूला व्हायचं."

"आणि तुला एकटीला सोडायचं त्याच्या पुढ्यात?"

"हो. असंच असतं ते."

"असं कसं असेल?" यम्मा म्हणाली.

पुन्हा तेच झालं. यम्मा पाणी टाकायची, आणि राक्षसाने हात उगारला की धावत जाऊन पिवळ्या मुलीपुढे उभी राहायची, नेमकी त्याच डबक्यात. मग दोघींपैकी एक तरी मरायची. चौथ्या खेपेला हिबाने रिमोट गादीवर आपटला.

"गिझलानला न सांगता कळायचं!"

"न सांगता?" गिझलान हसली. "पहिला पूर्ण महिना मी तुझ्याच विजेने मरत होते, बाई. तू इवलीशी होतीस, आनंदाने उड्या मारायचीस. मी बोलले नाही इतकंच."

हिबाने बहिणीकडे पाहिलंच नाही. तिने रिमोट उचलला.

"परत एकदा, यम्मा."

पाणी पडलं. राक्षस काळाभोर ओला झाला. निळी मुलगी धावत येऊन पिवळीपुढे उभी राहिली, डबक्याच्या मधोमध. हिबाचा अंगठा बटणावर गेला आणि तिथेच थांबला. तिने आपल्या मुलीला दोन पावलं मागे नेलं. निळीही दोन पावलं मागे आली. अजून दोन नेलं. निळी मागोमाग होतीच. दोघींचे पाय कोरड्या फळ्यांवर आले आणि तेव्हा हिबाने वीज पाडली.

राक्षसाचं ढेकूळ फुटून नदीत पडलं. यम्माला काय झालं कोण जाणे, तिने जीभ हलवत, लग्नात बायका देतात तशी 'लुलुलु' अशी आनंदाची आरोळी ठोकली. अंगणात बदाम सोलत बसलेल्या मावशा-आत्यांना वाटलं, नवरीची मेंदी रंगली. त्यांनीही तिकडून तितक्याच जोरात आरोळी ठोकली.

गिझलान हसत होती. हसता हसताच तिचे डोळे वाहायला लागले, आणि हात तर कापसात. पाणी हनुवटीपर्यंत आलं.

"कोणीतरी पुसा गं."

हिबा उठली. शाळेच्या झग्याच्या बाहीने बहिणीचं तोंड पुसायला लागली, पण ते काही कोरडं होईना. मग ती तिच्या कुशीतच शिरली, मेंदीला धक्का न लावता.

यम्माने रिमोट सोडला नव्हता. दोघींकडे बघत तिने विचारलं, "भिजलेल्याच्या इतकं जवळ गेलेलं चालतं का?"

"चालतं," हिबा गिझलानच्या खांद्यात तोंड खुपसूनच म्हणाली. "वीज पाडली नाही की चालतं."