हिरवळीतले खड्डे

माळीकामाच्या गड्याची, यादगिरीची, कुदळ हिरवळीतल्या उंचवट्यात शिरली आणि माती एकदम आत ढासळली. मग वास आला. घुशीचं बीळ होतं, आणि घूस आतच मरून पडली होती. फुगलेली, अंगभर अळ्या वळवळत असलेली. त्रिवेणी ओढणी नाकाला लावून मागे सरकली, तरी पायरीपाशी तिला उलटी झालीच.

"अम्मा, अंदर जाव," यादगिरी म्हणाला. हात लावायला तोही तयार नव्हता.

मुकुंदराव मात्र शांतपणे पुढे झाले. बहात्तर वर्षांचा माणूस. त्यांनी घूस फावड्यावर घेतली, परसात नेऊन पुरली आणि बिळात चुना ओतला.

"आत जा बेटा," ते मुलीला म्हणाले. "हे माझं काम आहे."

नल्लकुंट्यातल्या त्या घरापुढे पायरीपासून फाटकापर्यंत हिरवळ होती. कित्येक वर्षं तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. घुशींनी ती आतून पोखरली होती, आणि चालताना कुठे पाय खचेल याचा भरवसा नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी त्रिवेणीची आई, भामाबाई, तिथेच पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. 'सकाळी फुलं काढायला गेली होती, खड्ड्यात पाय गेला,' असं फोनवर सांगताना मुकुंदरावांना रडू आवरत नव्हतं. त्रिवेणी रजा काढून पुण्याहून आली.

आल्यापासून ती वडिलांकडे बघत होती. आईला भरवायचं त्यांनी, औषधं द्यायची त्यांनी. रात्री तिच्याच पलंगाशेजारी खाली गादी घालून झोपायचे. आईला बोलायचा त्रास नको, म्हणून तिचे फोनही तेच घ्यायचे. आणि उरलेला सगळा दिवस हे लॉन. गवत बारीक कापून झालं होतं. मातीसकट त्याचे चौकोनी तुकडे उकलून सावलीत रचून ठेवले होते. खुंट्या ठोकून, दोरी ताणून, ते गुडघ्यांवर बसून एकेक उंचवटा खरवडत होते. खड्ड्यांत लाल माती, वाळू आणि शेणखत. वरून पाणी, मग धुमसाने ठोकायचं. बसलं की पुन्हा भरायचं.

"बायकोसाठी या वयात कोण करतं एवढं?" शेजारच्या वंदनाताई कुंपणावरून म्हणाल्या. त्रिवेणीला भरून आलं.

भामाबाईंनी मात्र एकदाही बाहेर पाहिलं नव्हतं. खिडकी बंद ठेवायला सांगायच्या. नवऱ्याने भरवलेली खिचडी त्या गालात धरून ठेवत, आणि त्याची पाठ वळली की वाटीत थुंकत. ती वाटी त्रिवेणी धुवायची. लाळेत भिजलेली शितं बोटांना चिकटली की ती पुन्हापुन्हा साबणाने हात धुवायची. आपल्याच आईची अशी शिसारी येते याची आधी तिला लाज वाटली. मग तीही वाटेनाशी झाली.

घूस सापडली त्या संध्याकाळी मुकुंदरावांनी आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून बायकोला दंड धरून वॉकरवर उभं केलं. चार पावलं चालवलं, परत बसवलं. ते पाणी आणायला गेले, तशा भामाबाई ओल्या फडक्याने दंड घासू लागल्या. कातडी लाल झाली तरी थांबेनात.

"आई, काय चाललंय हे?"

"हात लागलाय त्यांचा."

त्रिवेणी सकाळसारखीच मागे सरकली. "लाज वाटत नाही तुला? तो माणूस तुझ्यासाठी सडकी घूस उचलतो, आणि तू त्याचा हात पुसून काढतेस?"

"दार लाव जरा. तुला सांगायचंय मला."

"नक्को. बाबांबद्दल एक शब्द ऐकायचा नाही मला. कळतं तेव्हापासून तुझं हेच आंबट तोंड बघत आलेय."

दारात मुकुंदराव पाण्याचा पेला घेऊन उभे होते.

"असू दे बेटा," ते म्हणाले. "दुखण्यानं माणूस परेशान होतं." त्यांनी बायकोच्या हातातून फडकं काढून घेतलं, नीट घडी केली आणि उशाशी ठेवलं.

त्यानंतर त्रिवेणी आईशी कामापुरतंच बोलली. बेडपॅन द्यायची तेव्हा तोंड फिरवायची.

पाचव्या दिवशी काम संपलं. गवताचे तुकडे जागेवर बसले, फटींत बारीक माती गेली, वरून लांब फळी फिरली. यादगिरीने पाणी मारलं. कुठेच डबकं साचलं नाही. मुकुंदराव अनवाणी त्या टोकापर्यंत जाऊन आले. तळहातांवरचे फोड फुटले होते, पण चेहरा खुलला होता.

"तिला व्हरांड्यात आण," ते म्हणाले. "मी वंदनाताईंना बोलावतो. बघू दे त्यांनाही."

यादगिरी अवजारं उचलून परसात गेला. मुकुंदराव शेजारी गेले. त्रिवेणीने आईला धरून आणलं आणि वेताच्या खुर्चीत बसवलं. तिच्या अंगाला येणारा औषधाचा, घामाचा वास टाळायला ती दोन हात लांब उभी राहिली.

"बघ," ती म्हणाली. "हाताची सालटी निघालीत बाबांची. आता तरी दोन शब्द गोड बोल त्यांच्याशी. पुन्हा अडखळायची भीती नाही राहिली तुला."

भामाबाई पहिल्यांदाच त्या हिरवळीकडे बघत होत्या. पायरीपासून थेट शेवटपर्यंत.

"मी अडखळले नव्हते गं," त्या म्हणाल्या. "फाटकाची कडी काढून झाली होती माझी. यांनी मागून वेणीला धरलं आणि जमिनीवर आपटलं."