चाकांखालची लिंबं

भंगाराच्या भावात आणलेली लाल स्पोर्ट्स कार सून सहा महिने अंगणात स्वतःच दुरुस्त करत होती. "दोन दारांची गाडी. सासूला काय टपावर बसवणार?" मी रोज टोचायचे. तरी आज इंजिन पहिल्यांदा सुरू होणार, म्हणून पूजेचं ताट मीच आणलं. सून ब्रेकचं शेवटचं काम करायला गाडीखाली शिरली होती, पाय तेवढे बाजूनं बाहेर.

पुढच्या चाकांना दोन दगड टेकलेले होते. मला ती अडगळ वाटली. दगड काढून मी तिथं लिंबं ठेवली.

लिंबं चिरडत गाडी अंगणाच्या उताराला लागली. मागचं चाक सुनेच्या पायांकडं निघालं.

मी बॉनेटला पाठ लावून टाचा रोवल्या. "प्रणोती, बाहेर सरक. लवकर." ती घसटत बाहेर आली, तिनं दगड पुन्हा चाकांना लावले.

"आत्ती, दगड कुणी काढले?"

"मांजरानं सारले असतील," कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली.

तीस वर्षांत "माझं चुकलं" असं माझ्या तोंडून या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

"मांजराला कशाला नावं ठेवतेस?" मी म्हणाले. "मी काढले."