बोलण्याची परीक्षा

“बोलण्याच्या परीक्षेत नापास झाले मी,” ट्रीसा म्हणाली, आणि औसेफच्या हातातला डाळीचा परिप्पुवडा तोंडापाशीच थांबला.

घरी तिने हे सांगितलं नव्हतं. जर्मनच्या निकालाचं विचारलं की ‘येईल हो, चाच्चन’ एवढंच बापाला म्हणायची. आणि आता नर्सना परदेशी पाठवणाऱ्या एजंटाच्या, कोट्टयममधल्या या गारेगार ऑफिसात, परक्या माणसासमोर, बस चुकली म्हणून सांगावं तसं सांगून मोकळी झाली.

टेबलापलीकडचा टायवाला तरुण जराही बिचकला नाही. “अहो, त्यात काय एवढं! तिकडे पोचलं की आपोआप बोलता येतं. सर्टिफिकेटचं आमच्यावर सोडा. तुम्ही फक्त हो म्हणा.” त्याने चहाचा कप औसेफपुढे सरकवला. त्याच्यामागच्या भिंतीवर जर्मनीला गेलेल्या नर्सपोरींचे फोटो होते. बर्फात उभ्या, गळ्यात मफलर, गाल लाल. औसेफने मनातल्या मनात त्या ओळीत आपली ट्रीसा उभी करून पाहिली. छान दिसत होती.

“विचार करून कळवते,” म्हणत ती उठली.

रस्त्यावर आल्यावर औसेफला रागवायचं होतं. गेल्याच रविवारी चर्चबाहेर त्याने पाद्रीबाबांना सांगितलं होतं, की आमची पोर जर्मन बोलते ते जर्मनांनासुद्धा झेपायचं नाही. पण पोरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली आणि त्याचा आवाज मऊ झाला. आयसीयूतली ड्युटी करून आली की ती खोलीचं दार लावून अभ्यासाला बसायची. डोळा लागला तरी पुस्तक छातीवर असायचं.

“सांगितलं का नाहीस, मोळे?” लाडात आला की तो लेकीला मोळेच म्हणायचा.

“काय सांगायचं, चाच्चन?”

“पडलीस तर पडलीस. मी काय फाडून खाल्लं असतं तुला?”

ट्रीसाने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलले. रडतेय, असं त्याला वाटलं. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं पुढच्या ऑफिसाकडे निघाली.

तिथेही तेच. तिथल्या बाईंनी तर ट्रीसाचा हात हातात घेतला. “परीक्षेला तुझ्या जागी दुसरी बसेल, तू कशाला घाबरतेस?” औसेफला बिन्सी आठवली, त्याच्या थोरल्या भावाची मुलगी. तिच्या एजंटाकडेही सरकारी परवाना होता, अगदी चौकटीत लावलेला. परदेशात उतरल्यावर हॉस्पिटलने दोन प्रश्न विचारले, हिला एकाचंही उत्तर देता येईना, आणि त्यांनी दारातूनच परत पाठवलं. नर्स म्हणून गेलेली पोर कुणाच्या तरी घरी भांडी घासत राहिली. परत आली तेव्हापासून ती फारशी बोलत नाही. पण ट्रीसाचं पडलेलं तोंड पाहून औसेफने तो विचार झटकला. सगळे थोडेच तसे असतात?

तिसरं ऑफिस रबराच्या वखारीवर होतं. जिना अंधारा. चहा नाही, फोटो नाहीत. पांढऱ्या केसांच्या शोशाम्मा मॅडम एकट्याच बसल्या होत्या. आयुष्याची निम्मी वर्षं त्यांनी जर्मनीतच नर्स म्हणून काढली होती. ट्रीसाने पुन्हा तेच सांगितलं.

“नापास? मग इथे कशाला आलीस?”

“तुम्ही काहीतरी करून...”

“काहीतरी करून म्हणजे काय ग? उद्या एखादी म्हातारी सांगेल, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय. तू काय करणार? हसून मान हलवणार? मरेल ती. आणि जन्मभर ते तुझ्या डोक्यावर बसेल. जा, अभ्यास कर, पास हो, मग ये. तोवर मी तुझं नावसुद्धा लिहून घेणार नाही.”

औसेफ ताडकन उठला. त्याचे कान तापले होते. “पोरीशी बोलायची ही काय रीत झाली, मॅडम? आयसीयूत हिला विचारल्याशिवाय डॉक्टरांचं पान हलत नाही! दोन ठिकाणी लोकांनी आम्हाला मानाने बसवलं, चहा पाजला...”

“मग जा की तिकडे. जिना उतरताना जपून, तिसरी पायरी मोडलीय.”

“चल, मोळे!”

तो दारापर्यंत गेला. ट्रीसा उठलीच नाही. उलट तिने खुर्ची पुढे ओढली आणि बोलायला लागली. मल्याळममध्ये नव्हे. औसेफला एक अक्षर कळेना. पण अडखळणं नव्हतं, शब्द शोधणं नव्हतं. बाजारात मासळीचा भाव करावा तशी ती सुटली होती. मॅडमच्या कपाळावर आधी आठी पडली. मग त्यांनी त्याच भाषेत काहीतरी तिरकस विचारलं. ट्रीसाने फाडकन उत्तर दिलं. मॅडम खुर्चीत मागे रेलल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ट्रीसाही हसत होती, अंगातलं ओझं उतरल्यासारखी.

औसेफ दाराशी तसाच उभा. आपल्या पोरीला हे बोलताना तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता.

“काय... काय म्हणतेय ती?”

शोशाम्मा मॅडमनी पदराने चष्मा पुसला. “म्हणतेय, चाच्चनच्या पोटात काही राहत नाही म्हणून त्यांनाही सांगितलं नाही, फेब्रुवारीतच पास झालीय ती. आज तीन ठिकाणी ठरवून खोटं बोलली, आणि हाकलून देणारी मी पहिलीच.”