दादाचा जड अ‍ॅम्प

दौऱ्याच्या गाडीत सगळ्यात जड ओझं म्हणजे दादाचा काचेच्या नळ्यांचा जुना गिटार अ‍ॅम्प, गिटारचा आवाज घुमवणारा स्पीकरचा खोका. तो जिन्यावरून चढवताना बँडचा ड्रमर, म्हणजे दादाचा धाकटा भाऊ, दर कार्यक्रमाला कुरकुरायचा. "आता डब्याएवढं डिजिटल मशीन मिळतं, दादा. हुबेहूब हाच आवाज. इअरफोन कानात घातला की झालं!"

"त्यात ऊब नाही," दादा एका गावात म्हणाला. पुढच्या गावात म्हणाला, "त्यात दम नाही." त्याच्या पुढच्या गावात नुसताच हसला.

आज उतरवताना अ‍ॅम्प आपटला आणि नळ्या फुटल्या. साउंडवाल्याने डिजिटल मशीन जोडून दिलं. तालमीसाठी धाकट्याने ठोके दिले. गिटार वाजलीच नाही. त्याने पुन्हा ठोके दिले. दादा त्याच्याकडे पाठ करून, तारांवर बोटं ठेवून तसाच उभा.

धाकटा उठून त्याच्या समोर गेला. "झोप लागली की काय उभ्याउभ्या?"

दादा त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होता. "अ‍ॅम्प मागे असला की सूर पोटऱ्यांत कळतो रे," तो म्हणाला. "कान केव्हाच गेलेत."

धाकट्याने आपला मोठा ड्रम ओढत आणला आणि दादाच्या पोटऱ्यांना टेकवला.